मूल सांगतं, त्यानंतरचे चोवीस तास

बाल संरक्षण म्हटलं की ठाण्या-नवी मुंबईतल्या शाळांत बहुधा एकच कार्यक्रम होतो: चांगला स्पर्श-वाईट स्पर्श, तासाभराचं सत्र, शेवटी फोटो. सत्र वाईट नसतं. पण त्यात सगळं काम सहा वर्षांच्या पोरावर टाकलेलं असतं. ओळख, नाही म्हण, पळ, सांग. पोर सांगतंही. पुढे काय करायचं हे ऐकणाऱ्या मोठ्या माणसालाच ठाऊक नसतं आणि प्रकरण तिथेच बिघडतं.

मूल सरळ सांगत नाही. ‘व्हॅनमध्ये नाही बसणार’, ‘ते काका नकोत’, पोटात दुखतंय, शू करताना जळजळतंय, असं काहीतरी निघतं. मग उलटतपासणी सुरू होते. आई विचारते, बाबा विचारतात, आजी, वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका. समोरच्याचा चेहरा बघून मूल दरवेळी थोडं बदलतं किंवा गप्पच होतं. पाच वेळा सांगितलं की पाच ठिकाणी तपशील हलतो आणि आरोपीचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. ‘त्यांनी तुला हात लावला का?’ हा प्रश्न तर नकोच; उत्तर त्यातच भरलेलं आहे. ‘काय झालं?’ आणि ‘मग?’ एवढं पुरतं. मूल जे शब्द वापरेल तेच वहीत उतरवा, त्याने ‘शूची जागा’ म्हटलं तर तसंच. शेजारी तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहा. मोबाइलवर चित्रण नको. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका, कारण तो पाळता येणार नाही.

तो का पाळता येणार नाही, याचं उत्तर पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू आहे. कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाविरुद्ध असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या’ ही शाळांची आवडती पायरी कायद्यात कुठेच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा राग आरोपीइतकाच तक्रार नोंदवायला झालेल्या उशिरावरही होता. शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. उलट, प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, मग ती पुढे सिद्ध होवो न होवो.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर मागा; गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि तक्रारदाराला प्रत मोफत मिळते. कुणाकडे जायचं सुचत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, रात्री तीन वाजताही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते सांगेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला (मुलांची काळजी आणि संरक्षण बघणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. इथे नवी मुंबईकरांची हमखास गल्लत होते: बेलापूर आणि खारघर दोन्ही नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात, पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडात. समिती जिल्ह्याची असते. खारघरच्या आईने ठाणे जिल्ह्याच्या समितीकडे खेटे घालण्यात अर्थ नाही.

दवाखान्यात जाण्याआधी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. आईचा हात आपोआप बादलीकडे जातो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि नमुना खराब होतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं. तातडीचे उपचार देण्यापूर्वी रुग्णालयाने पोलिसांचं पत्र मागायचं नाही. गुन्हा नोंदवला नसला तरी तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. आणि अहवालात ‘जखम नाही’ लिहिलं म्हणजे काही घडलंच नाही, असं मुळीच नाही. बऱ्याच प्रकारच्या अत्याचारांत जखम होतच नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक अक्षरही नको. मुलाचं नाव, घर, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कायद्याची बंदी आहे. चॅटमधून कुणी छळत असेल तर चॅट पुसू नका, पण मुलाचा अश्लील फोटो ‘पुरावा’ म्हणून पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सीसीटीव्हीचं चित्रण शाळेकडे, सोसायटीकडे त्याच दिवशी लेखी मागा, पोहोच घ्या. डिस्क भरली की यंत्र जुनं चित्रण पुसून नवं भरतं, त्यात कुणाचा कट असावा लागत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: २०२२ च्या शासन निर्णयातल्या सखी सावित्री समितीवर, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीच्या शाळेतल्या समितीवर, कोण आहे, आणि घोडबंदरच्या गर्दीत व्हॅनमध्ये शेवटचं मूल किती वेळ चालकासोबत एकटं असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा कुणीच मोजलेलं नसतं.

खटला लांबतो. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार बालकल्याण समिती कुटुंबासोबत एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते, जी तारखा, जबाब, समुपदेशन यांत सोबत राहते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी समिती रकमेची शिफारस करू शकते. शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ती द्यायची असते. हे मागावं लागतं. ज्या आईची प्रत्येक तारखेला रोजी बुडते, तिला ही तरतूद पहिल्याच दिवशी सांगा.