सिनिस्टर मावशी

परवा भाची राहायला आली होती. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, त्यामुळे हातात इंग्लिश शब्दांची ही एवढी यादी आणि सकाळपासून नुसतं घोकणं चालू, डेक्स्टरस म्हणजे कुशल, सिनिस्टर म्हणजे अशुभ, अँबिडेक्स्ट्रस म्हणजे दोन्ही हातांनी काम करता येणारा, परत डेक्स्टरस म्हणजे कुशल. मी शेजारी बसून मेथी निवडत होते, शेवटी राहवेना, म्हटलं अगं बाई थांब, हे तीन शब्द नाहीतच मुळी, हे दोन हात आहेत.

लॅटिनमध्ये डेक्स्टर म्हणजे उजवा आणि सिनिस्टर म्हणजे डावा. बस एवढंच. उजवा तो हुशार ठरला आणि डावा तो घातकी. आणि अँबी म्हणजे दोन्ही, म्हणजे अँबिडेक्स्ट्रस माणसाचे दोन्ही हात उजवे! डाव्या हाताने कितीही राबा, कौतुक करताना त्याला उजवाच म्हणणार. मी जन्माची डावखुरी, पहिलीत बाई रोज माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायच्या, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागतं. आपला सव्यसाची बघा त्यापेक्षा. संस्कृतात सव्य म्हणजे डावा, अर्जुन डाव्या हातानेही बाण सोडायचा म्हणून सव्यसाची. निदान नावात तरी डाव्याला क्रेडिट.

गंमत म्हणजे रोमन लोकांना आधी डावी बाजू शुभच होती. शकुन बघणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा राहायचा, मग उगवती त्याच्या डाव्या हाताला यायची. ग्रीकांचं उलटं होतं, ते उजवीला शुभ मानायचे, पुढे रोमनांनी त्यांचंच उचललं आणि बिचारा सिनिस्टर कायमचा बदनाम झाला.

आणि आपले लोक कुठे तोंड करायचे, तर पूर्वेला. मग उजव्या हाताला काय येतं? दक्षिण! दक्षिण या शब्दाचा अर्थच मुळात उजवा, म्हणून तर प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. आणि हा दक्षिण आणि तो लॅटिनचा डेक्स्टर सख्खे चुलतभाऊ आहेत, कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही, दोघांची पणजी एक. भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एकच असणार म्हणून सांगितलं, ते हेच. बरं पुढे ऐका, दक्षिणचं प्राकृतात झालं दक्खिण, त्याचं दख्खन, आणि साहेबाने केलं डेक्कन. म्हणजे पुण्यात रोज 'डेक्कन, डेक्कन' ओरडणाऱ्या कंडक्टरच्या तोंडात आणि हिच्या यादीतल्या डेक्स्टरसमध्ये नातं आहे! भाचीने यादी बाजूला ठेवली आणि म्हणाली, मावशी अजून सांग.

मग मॅनस म्हणजे हात सांगितलं, मॅन्युस्क्रिप्ट हाताने लिहिलेलं, मॅन्युफॅक्चर हाताने बनवलेलं (आता सगळं मशीनच बनवतं, तरी शब्दातला हात काही सुटत नाही). मसलवर तर ती हसून हसून लोळली. लॅटिन मुस्क्युलस म्हणजे छोटासा उंदीर, दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. आपण तिथेच काय बघितलं तर बेडूक, बेटकुळी म्हणतो ना आपण दंडातली. प्राणी बदलला फक्त, उडी तीच.

पण हे सगळं फॉर्म्युला म्हणून वापरायला गेलं की तोंडावर आपटतो माणूस. तिला पेड म्हणजे पाय हे कळल्यावर लगेच म्हणाली, म्हणजे पेडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर! नाही गं, तो पेड ग्रीकमधला, मूल या अर्थाचा. आणि इन म्हणजे नाही असं धरून चाललात तर इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं होईल, आणि हा शब्द पेट्रोलच्या टँकरच्या मागे लाल अक्षरात लिहिलेला असतो. लॅटिनमध्ये इन दोन आहेत, एक नकाराचा आणि एक 'आत' या अर्थाचा, इथला दुसरा, आग लावणारा. टँकरमागे उभं राहून कोणी विडी पेटवू नये म्हणजे मिळवली.

संध्याकाळी आई देवापुढचा प्रसाद वाटत होती, मी नेहमीसारखा डावा हात पुढे केला. आई म्हणाली, एवढी घोडी झालीस, उजवा हात कर. तर आतल्या खोलीतून आवाज आला, "आजी, असू दे गं, ती सिनिस्टर आहे!" आईला वाटलं कसलंतरी दुखणं आहे, तिने डाव्या हातावरच दोन पेढे ठेवले.