ऐच्छिक-अनैच्छिक एवढ्यावर भागत नाही

‘कायिक चेतासंस्था (अस्थिस्नायू, म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू हलवणारी) ऐच्छिक, स्वायत्त चेतासंस्था (हृदय, मूत्राशय अशा अवयवांना चालवणारी) अनैच्छिक’ हे पाठ केलेलं वाक्य गुडघ्यावर हातोडी पडताच डळमळतं. पाय उडतो तो आपल्याला न विचारता, तरीही ही प्रतिक्षिप्त क्रिया पूर्णपणे कायिक आहे. श्वासपटलही झोपेत हलतच राहतं, पण ते अस्थिस्नायूच. म्हणून फरक ओळखावा तो जोडणीवरून.

कायिक मार्गात मेरुरज्जूतून निघालेली एकच चेतापेशी थेट स्नायूला भिडते. कंबर ते पाऊल, सुमारे एक मीटर, मध्ये दुसरी चेतापेशी नाही. तंतू जाड, मायलिन या चरबीयुक्त आवरणाने वेढलेला. वेग सेकंदाला ८० ते १२० मीटर. टोकाशी ॲसिटिलकोलीन हे निरोप देणारं रसायन सुटतं आणि स्नायू आकुंचतो. ‘थांब’ असा निरोप स्नायूपर्यंत जातच नाही. आवर घालायचा तो मेरुरज्जूत किंवा मेंदूत.

स्वायत्त मार्गात चेतापेशी दोन, आणि त्यांची गाठ पडते चेतागुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात. या संस्थेचे विभाग दोन: ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारा अनुकंपी आणि विश्रांती-पचन सांभाळणारा परानुकंपी. अनुकंपी विभागाच्या बहुतेक गुच्छिका कण्यालगत असतात, परानुकंपीच्या अवयवाजवळ किंवा त्याच्या भिंतीत. दुसऱ्या पेशीच्या तंतूवर मायलिन नसतं, त्यामुळे वेग सेकंदाला एक-दोन मीटरच. शेवटी अनुकंपी बहुधा नॉरॲड्रेनालिन सोडते, परानुकंपी ॲसिटिलकोलीन. (घामाच्या ग्रंथी अपवाद: चेता अनुकंपी, रसायन ॲसिटिलकोलीन. परीक्षेत इथेच चूक होते.) हे निरोप अवयवाला चालना देतात तसा लगामही घालतात.

चेता तुटल्यावर हा फरक उघडा पडतो. कायिक चेता तुटली की स्नायू लुळा पडतो, मग वाळत जातो. प्रत्यारोपित हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात, तरी ते विश्रांतीतही मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतं. ठोके स्वतःचे, फक्त व्हेगस या परानुकंपी चेतेचा लगाम सुटलेला.

दोन्ही संस्था एकत्र पाहायच्या तर मूत्राशयाइतकं चांगलं उदाहरण नाही. भरताना अनुकंपी चेता भिंत सैल ठेवतात आणि तोंडाशी असलेला आतला स्नायू आवळतात. रिकामं करताना मेरुरज्जूच्या तळाकडच्या त्रिकखंडांपैकी २ ते ४ क्रमांकाच्या खंडांतून आलेल्या परानुकंपी चेता भिंत आकुंचवतात. बाहेरचा आवळणारा स्नायू मात्र कायिक प्युडेंडल चेतेच्या ताब्यात, म्हणून आपण थोडं थांबू शकतो. मेरुरज्जूला त्रिकखंडांच्या वर इजा झाली तर पुढे अनेकदा हा मेळच बिघडतो: भिंत दाबते त्याच वेळी बाहेरचा स्नायूही आवळतो, आतला दाब वाढतो आणि हळूहळू मूत्रपिंडांना इजा पोहोचते.