मत नाही, मग मीटिंगला कशाला?

“अगं, तुला तिथं मत नाही, पासपोर्ट अजून भारताचा, मग त्या काउंटीच्या मीटिंगांना कशाला जातेस?” साताऱ्याच्या मावशीपासून इथल्या मंडळाच्या गणपतीत मोदक वाढणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांनी हे मला विचारून झालंय. काकूंचा सूर काळजीचा असतो. आपण ग्रीन कार्डाच्या रांगेत, उगाच कुणाच्या नजरेत कशाला यायचं? आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि आमचं घर त्यातल्या एकीत, पण कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, आमचं जे काय आहे ते सगळं एकच: पाच सुपरवायझरांचं बोर्ड. रस्त्यावरचा खड्डा त्यांचा, घरामागचा नाला त्यांचा, घरपट्टीची पावतीही काउंटीचीच. आणि त्यांच्यापुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. १९५३ चा ब्राउन ॲक्ट, म्हणजे अशा सभा लोकांसाठी खुल्या ठेवणारा इथला कायदा आहे, त्यानुसार सभेला येऊन बसणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. कागद मागायचे तर तेही कुणीही मागावेत. गंमत बघा, आपला २००५ चा माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. इथं माझ्यासारख्या उपऱ्या बाईच्या ईमेललाही दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

उत्तर म्हणजे कागद नव्हेत हं. कागद देणार की नाही, एवढंच दहा दिवसांत कळवायचं असतं, आणि त्यावर आणखी चौदा दिवस मागून घेता येतात. माझ्याकडून तर दर वेळी मागून घेतले जातात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबरात, आमच्या रस्त्याखालचा पाइप तुंबला आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये घोटाभर पाणी शिरलं. नंतर सहज बोर्डाच्या सभेचा अजेंडा चाळत होते. ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाचा एक भाग असतो. त्यातले तीस-चाळीस विषय चर्चेशिवाय, एका हात वर करण्यात मंजूर होतात. त्यात नाल्यांची पाहणी करणाऱ्या कंत्राटदाराची चौथी मुदतवाढ होती. मी मूळ करार आणि आधीच्या तीन वाढींचे कागद मागवले. चोविसाव्या दिवशी पीडीएफ आली. आमच्या रस्त्यावरच्या पाइपाची पाहणी दोनदा झाली होती, बिलं निघाली होती, ‘स्वच्छ’ असा शेरा होता. त्याच पाइपातून आम्ही घमेल्यानं ओकची पानं उपसली होती.

वाढ तोवर मंजूर होऊन गेली होती. पाचवी आली तेव्हा मात्र मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. सभा मंगळवारी सकाळी नऊला. नोकरी करणाऱ्यानं येऊच नये अशीच वेळ. अजेंडा सभेआधी ७२ तास लावायचा असा नियम आहे, पण शनिवार-रविवार त्याच ७२ तासांत मोजतात. शुक्रवारी संध्याकाळी चारशे पानं टाकली की कायदा पाळला गेला. हे मला सगळ्यात खुपतं. लपवलेलं काहीच नसतं, फक्त वाचायला कुणाला वेळ नसतो.

बोलायला दोन मिनिटं मिळाली. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. लाल लागला तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. पहिल्यांदा गेले होते तेव्हा दुसऱ्याच एका विषयावर बोलले होते आणि पाचही जण दगडासारखे बसून राहिले होते. काय माज आहे, असं वाटलं होतं. नंतर कळलं, अजेंड्यावर नसलेल्या विषयावर त्यांना चर्चाच करता येत नाही. लोकांना आगाऊ कल्पना न देता काही ठरू नये म्हणून कायद्यानं त्यांचंच तोंड बांधलंय. या वेळी विषय अजेंड्यावर होता. एका सुपरवायझरबाईंनी तो कन्सेंटमधून बाहेर काढून दोन आठवडे पुढे ढकलायला लावला.

दोन आठवड्यांनी तो पाच विरुद्ध शून्यनं मंजूर झाला. हो, मंजूरच. फक्त यापुढे प्रत्येक पाहणीची तारीख आणि फोटो बिलाला जोडायचे, अशी एक ओळ त्यात घातली गेली.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “एवढ्यासाठी?”

एवढ्यासाठीच. आमच्या गावी ग्रामसभेला कोरम भरायचा नाही, मग तीच सभा तहकूब म्हणून पुन्हा घ्यायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. तरीही सह्या बऱ्या दिसाव्यात म्हणून शिपाई प्रोसिडिंगची वही घेऊन घरोघर फिरायचा. आई भाकरी थापत असायची. पदराला हात पुसून ती चौकटीत उभ्याउभ्याच सही करायची, आणि पानावर पिठाचा अंगठा उमटायचा. सहीच्या वरची जागा कोरी असायची. तिथं नंतर काय लिहिलं जायचं ते तिनं कधी विचारलं नाही, मीही नाही. मी सातवीत होते, मला वाचता येत होतं.

परवाच्या शुक्रवारी ४१२ पानं आली. नवऱ्यानं कुकर लावला, मी विषय क्रमांक सतरापर्यंत पोचले.