आठ कॉर्ड्‌स आणि एक घाईतला माणूस

रशियन संगीतकार-पियानोवादक राखमानिनोवच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची (एकटा पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेची) सुरुवात पियानो एकटाच करतो. हळू आवाजात एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, मग खाली खर्जात एक टोला. पुन्हा कॉर्ड, पुन्हा टोला. अशा आठ. दर वेळी आवाज थोडा चढतो, आणि आता हा अंगावर येणार असं वाटतं तेवढ्यात व्हायोलिनवाले मुख्य धून उचलून नेतात. ज्याच्या नावावर मैफल लागली तो पियानोवादक चक्क साथीला बसतो!

मला या आठ कॉर्ड्‌सचा नाद आहे. नवं ध्वनिमुद्रण हाती लागलं की आधी एवढंच ऐकायचं. ज्यांचा पंजा लहान ते कॉर्डमधले सूर एकदम न वाजवता खालून वर सोडत नेतात, ते लगेच कळतं. सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिक्टरचं 1959 चं वॉर्सातलं मुद्रण लावा. पहिली कॉर्ड वाजवून तो असा थांबतो, की दुसरी येणार की नाही अशी शंका यावी. विलंबितालाही काही मर्यादा असावी, असं मनात येऊन जातं. पण सहावी-सातवी येईपर्यंत आपण पुरते त्याच्या ताब्यात गेलेलो असतो.

मग खुद्द राखमानिनोव ऐकावा. साल 1929, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा, संचालक स्टोकोव्स्की. हा माणूस घाईत आहे. पहिला भाग तो रिक्टरच्या मिनिटभराहून अधिक आधी संपवतो. तेव्हाच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणून ही घाई, असं सांगतात. मला ते पटत नाही. जागेची खरी मारामारी त्याच्या आधीची: 1909 मध्ये पियानोवादक विल्हेल्म बाकहाउसनं संगीतकार ग्रीगचा अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो कापून जेमतेम सहा मिनिटांत बसवला होता. राखमानिनोवच्या वाजवण्यात तशी ओढाताण कुठेच नाही. स्वतःच्याच धुनेवर रेंगाळायला तो तयार नाही, एवढंच. त्याच्या दुःखावर बाकीचेच जास्त रडतात.

यात तबकडीच्या वेष्टनाचाही हात असावा. 1897 मध्ये राखमानिनोवची पहिली सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) पडली, तो खचला, डॉक्टर दाल यांच्या संमोहनानं सावरला, ही गोष्ट हमखास छापलेली असते. ती वाचून ऐकलं की प्रत्येक सुरात उसासे ऐकू येतात. पियानोवादक आर्तुर रुबिनस्टाइननं 1976 मध्ये मुंबईच्या झुबिन मेहतांबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो वाजवला, तेव्हा तो 89 वर्षांचा होता आणि नजर जवळजवळ गेलेली. हे ठाऊक असताना त्या संथ भागात नुसते सूर ऐकणं मला तरी जमलेलं नाही.

आणि वेष्टनच खोटं असलं तर? रुमानियाचा पियानोवादक दिनू लिपाट्टी 1950 मध्ये, अवघ्या 33 व्या वर्षी गेला. पुढे त्याच्या नावावर शोपाँच्या ई मायनर कॉन्चेर्टोची तबकडी निघाली आणि लिपाट्टीची म्हणून कौतुकानं ऐकली गेली. 1981 मध्ये उघड झालं, की ते वादन पोलंडच्या हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांचं. बाई काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. 1949 च्या वॉर्साच्या शोपाँ स्पर्धेतलं पहिलं पारितोषिक त्यांना विभागून मिळालं होतं. आणि तेच मुद्रण त्यांच्या स्वतःच्या नावानं आधीपासून बाजारात होतं.