बेळगावात बसून एआयचा कसला धंदा करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंजिनिअरिंग संपत आलेली मुलं हटकून विचारतात, "सर, बेळगावात राहून एआयमध्ये काही करता येईल, की पुणे-बेंगळूर गाठावंच लागेल?" करता येईल. मॉडेल बनवायच्या नादी मात्र लागू नका. लामा, क्वेन, जेमा ही तयार भाषा-मॉडेलं (चॅटजीपीटीसारखी प्रश्नांना उत्तरं देणारी) उतरवून घेता येतात, ओलामावर, म्हणजे मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, तासाभरात बोलायलाही लागतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ग्राहकाची ड्रॉइंग्ज बाहेर पाठवायची नाहीत, असं करारातच होतं. म्हणून मॉडेल त्यांच्याच ऑफिसात बसवलं. ७ अब्ज पॅरामीटरच्या (मॉडेलच्या आतल्या आकड्यांच्या) मॉडेलला, प्रत्येक आकडा १६ बिटांत ठेवला तर १४ जीबी मेमरी लागते, ४ बिटांत आणलं की चारेक जीबीत मावतं. २४ जीबीचं एक ग्राफिक्स कार्ड पुरेल असा हिशेब केला. एकट्यानं वापरलं तेव्हा पुरलंही. दहाजण एकदम विचारू लागल्यावर अडलं, कारण प्रत्येकाच्या संभाषणाला कार्डावर वेगळी जागा लागते. त्यासाठी पुढे व्हीएलएलएम लावलं; एकाच वेळी अनेकांना उत्तरं देताना कार्डावरची जागा नीट वाटणारा तो प्रोग्रॅम.

त्याहून मोठी चूक माझीच होती. मॉडेल ज्यातून शोधून उत्तर देतं त्या एकाच इंडेक्समध्ये, म्हणजे शोधसूचीत, कंपनीच्या सगळ्या फायली मी ओतल्या. स्टोअरमधल्या मुलानं एका पॅटर्नबद्दल (ओतकामाच्या साच्याच्या नमुन्याबद्दल) विचारलं आणि उत्तरात मालकांचे कोटेशनचे दर आले! त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी काय पाहायचं, कुणी काय विचारलं याची नोंद, नवं मॉडेल घालण्याआधी जुन्या शंभर प्रश्नांवर त्याची परीक्षा, वीज जाऊन आली की मशीन आपोआप उभं राहणं: हे सगळं त्यानंतर एकेक करून बांधलं. स्टार्टअप काढायचा तर मला यातच जागा दिसते.

आणि एक गोष्ट आपल्याइतकी कुणाला कळणार नाही. इथल्या पतसंस्थेत सभेचं इतिवृत्त मराठीत, सरकारी पत्र कन्नडमध्ये, ऑडिट इंग्रजीत. तिन्ही भाषांच्या कागदांवर मॉडेल कुठं चुकतं, हे तपासणारा प्रश्नसंच तयार करा. निपाणी, खानापूर, पलीकडे कोल्हापूरपर्यंत तो लागेल. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानं सभासदांची माहिती जपायची जबाबदारी संस्थेवरच टाकली आहे.

पैसे कोण देणार, हाही प्रश्न येतोच. कॉम्प्रेसरची, जनरेटरची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कारखानदार दरवर्षी भरतोच; तशीच याचीही मागा. पहिल्या भेटीत एआयचा शब्दही काढू नका. "तुमच्याकडचा कुठला कागद बाहेर जाता कामा नये?" एवढंच विचारा आणि तो कपाट उघडेपर्यंत थांबा.