शाईविना छापलेला किमोनो

काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारात ‘सागी मुसुमे’ नावाचं एक नृत्य आहे. बर्फ पडतोय, पाणथळीच्या काठी पांढऱ्याशुभ्र किमोनोत एक तरुणी छत्री घेऊन उभी. ती खरं तर बगळी. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, १७६२ साली सेगावा किकुनोजो दुसरा या नटाने ते पहिल्यांदा रंगवलं. नटानेच, कारण १६२९ च्या बंदीनंतर काबुकीत बायका उरल्याच नव्हत्या.

अशा नाचांची चित्रं तेव्हा लाकडी ठशाने छापून विकत. आता ही बया छापायची म्हणजे पंचाईत. कागद पांढरा, कपडे पांढरे, वरून बर्फही पांढरा! छपाईवाल्यांकडे यावर भारी तोड होती. कोरलेल्या फळीला रंग लावायचाच नाही. ओलसर कागद तिच्यावर ठेवून नुसता दाबून घासायचा. नक्षी कागदातच उठते. या कोऱ्या छपाईला करा-झुरी म्हणतात. बर्फ, पिसं, पांढरी वस्त्रं यांसाठी ती हमखास वापरत. चित्र हातात धरून जरा तिरकं केलं, की उजेड त्या उठावावरून घसरतो आणि वस्त्रावरची वीण दिसू लागते. संग्रहालयात काचेमागे, समोरून बघणाऱ्याला यातलं निम्मंही मिळत नाही. मोबाइलवर तर विचारूच नका.

मला गंमत वाटते ती या चित्रांतल्या चेहऱ्यांची. एवढा नाच चाललाय, पण चेहरा ढिम्म. सगळी हालचाल बाह्यांत आणि घोळात. मागे उडालेला किमोनोचा काठ बघून कळतं, की गिरकी आत्ताच संपली. मंचावर याच नृत्यात मदतनीस मागून कच्च्या टाक्यांचे दोरे ओढतो, वरचा किमोनो निघतो आणि आतला रंगीत किमोनो झळकतो. प्रेक्षक खूश. चित्रकाराला ही चैन नाही, त्याला एकच क्षण मिळतो. कपाळावरच्या केसांची एकेक रेघ कोरायला मात्र कारखान्यातला सगळ्यात मुरलेला हात लागायचा.

हे कपड्यांचं वेड चित्रापुरतं नव्हतं. किकुनोजोच्या ‘रोको’ या काव्यनामावरून ‘रोकोचा’ म्हटला जाणारा चहाच्या छटेचा तपकिरी रंग एदोच्या बायकांत इतका चालला, की विचारता सोय नाही. बालगंधर्वांच्या साड्या बघून आपल्याकडच्या बायका तशा नेसू लागल्या, त्याच्या दीडशेएक वर्षं आधी. त्यामुळे ही चित्रं विकत घेणाऱ्यांत नृत्याचे दर्दी किती आणि नवा काठ बघायला आलेल्या किती, याबद्दल माझा संशय पक्का आहे.