अंडी तयार असतात, थांबलेलं असतं ते पावसासाठी

आठवडाभर एक सरड्याची मादी रोज कुंपणावर दिसत होती, पोट इतकं टम्म की आतल्या अंड्यांचे उंचवटे बाहेरून मोजता यावेत, पण खाली जमीन दगडासारखी, तिथे उकरणार तरी काय. मग परवा रात्री जोराची सर आली आणि सकाळी बघतो तर बाई भुसभुशीत मातीत पुढच्या पायांनी खड्डा करतायत. अंडी घातली, माती ओढली, तोंडाने दाबून दाबून बसवली आणि गेली.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, की अंडी घालायचा दिवस ठरवतं कोण?

पहिलं म्हणजे ऊन. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात स्वतःची उष्णता फारशी तयार होत नाही, त्यामुळे अंडं पोटात किती लवकर वाढणार हे बाहेरच्या टेंपरेचरवर असतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लॉगरहेड नावाच्या समुद्री कासवांचा विणीचा हंगाम १९८९ ते २००३ या काळात साधारण १० दिवस अलीकडे आला, कारण समुद्राचं पाणी तापत गेलं. एकाच मादीच्या दोन खेपांमधलं अंतरसुद्धा कोमट पाण्यात कमी होतं आणि गार पाण्यात वाढतं.

पण नुसती अंडी तयार होऊन भागत नाही, जागा पण तशी हवी. ऑस्ट्रेलियातली लांब मानेची कासवं पाऊस पडला की पाण्यातून वर येतात अंडी घालायला. नाईल मगरीचं उलट, ती कोरड्या दिवसांत अंडी घालते म्हणजे पिल्लं बाहेर येतात ती पावसाच्या सुमाराला. खाऱ्या पाण्यातली मगर मात्र पावसाळ्यातच पालापाचोळ्याचा ढीग रचून घरटं करते आणि पूर आला की कित्येक घरटी बुडून जातात, वाचताना फार वाईट वाटतं.

मला सगळ्यात भारी वाटली ती थांबण्याची सोय. कासविणीच्या अंडनलिकेत ऑक्सिजन एवढा कमी असतो की गर्भाची वाढ सुरुवातीलाच थबकते, आणि अंडी बाहेर पडून हवा लागली की पुन्हा सुरू होते, म्हणून हवामान बिघडलं तर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या अंडी पोटात धरून कित्येक दिवस थांबू शकतात. उत्तर ऑस्ट्रेलियात तर एक कासव चक्क पाण्याखालच्या चिखलात अंडी घालतं, पाणी आहे तोवर आतलं पिल्लू वाढतच नाही, तळं आटून चिखल सुकला की मग वाढायला लागतं!

काळजी वाटते ती इथेच. उन्हाळा वाढला म्हणून अंडी लवकर तयार होतील, पण पाऊस काही त्या हिशोबाने लवकर येणार नाही, आणि मादी थांबू शकते ती काही दिवस, कायम नाही.

त्या जागेभोवती मी चार काड्या रोवून ठेवल्यात, चुकून कुणाचा पाय पडायला नको. माती अजून ओली आहे.